आधी हात, मग मन

लॉस एंजेलिसमधल्या ३० जोडप्यांना संशोधकांनी व्हिडिओ कॅमेरा दिला आणि एवढंच सांगितलं, तुमचं घर आम्हाला फिरून दाखवा आणि दाखवताना बोलत राहा. नवरा वेगळा फिरला, बायको वेगळी फिरली. दोघंही नोकरी करणारी. कुणी बागेबद्दल बोललं, कुणी राहून गेलेल्या कामांबद्दल. नंतर डार्बी सॅक्स्बी आणि रेना रेपेटी या मानसशास्त्रज्ञांनी त्या बोलण्यातले शब्द मोजले. पसारा, अर्धवट राहिलेलं काम अशा अर्थाचे शब्द किती आणि विसावा, बाग, मोकळी हवा अशा अर्थाचे किती? शिवाय त्याच माणसांच्या लाळेचे नमुने दिवसातून अनेकदा घेतले आणि त्यांतलं कॉर्टिसॉल तपासलं.

कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींमधून येणारं संप्रेरक. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत वर जातं, आपल्याला दिवसाला सामोरं जायला उभं करतं आणि मग हळूहळू उतरत रात्री अगदी कमी होतं. हा उतार चांगला तीव्र असला तर शरीराचं दिवसाचं चक्र नीट चाललं आहे असं समजतात. उतार सपाट झाला, म्हणजे सकाळी पुरेसं चढलं नाही आणि संध्याकाळी पुरेसं उतरलं नाही, तर ते दीर्घकाळच्या ताणाशी आणि ढासळत्या प्रकृतीशी जोडलेलं आढळतं.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जे दिसलं ते मला आजही थक्क करतं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट कामं जास्त होती, त्यांच्या कॉर्टिसॉलचा उतार सपाट होता आणि दिवस सरत जाई तशी त्यांची उदासी वाढत होती. ज्यांनी आपलं घर विसाव्याची जागा म्हणून दाखवलं, त्यांचा उतार तीव्र होता आणि उदासी दिवसभरात कमी होत होती. संसारात त्या सुखी आहेत का, स्वभाव मुळातच काळजीचा आहे का, हे सगळं हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. आपण आपल्या घराविषयी कोणत्या शब्दांत बोलतो, याची नोंद आपल्या थुंकीत सापडते! आणि नवऱ्यांमध्ये हे चित्र तसं दिसलं नाही. भिंती त्याच, पसारा तोच, पण तो दोघांच्या शरीरांत सारखा उतरत नव्हता. या मुद्द्याकडे मी शेवटी येणार आहे.

पसाऱ्याने मेंदूला नेमका कसला त्रास होतो? याचा एक भाग डोळ्यांमागे घडतो. समोर एकाच वेळी अनेक वस्तू आल्या की मेंदूच्या दृश्य भागात त्यांची आपापसात चढाओढ लागते. एका वस्तूला पेशी जो प्रतिसाद देतात, तो शेजारची वस्तू दाबून टाकते. म्हणून आपल्याला हवी ती गोष्ट टिपण्यासाठी लक्षाला जोर लावावा लागतो. प्रिन्स्टन विद्यापीठात स्टेफनी मॅकमेन्स आणि सबीन कास्टनर यांनी मेंदूच्या स्कॅनवर हे पाहिलं आणि २०११ मध्ये एक सुंदर बारकावा मांडला: समोरच्या आकृत्या एकमेकींशी जुळून त्यांचा एक गट दिसू लागला, की चढाओढ आपोआप कमी होते आणि लक्षाला तितकं राबावं लागत नाही. प्रयोगशाळेतल्या आकृत्यांवरून स्वयंपाकघरापर्यंत उडी मारणं थोडं धाडसाचं आहे, पण मला ती मारावीशी वाटते. ओट्यावर विखुरलेली वीस भांडी म्हणजे डोळ्यांना वीस मागण्या. तीच भांडी मांडणीवर उतरत्या क्रमाने लावली तर भांडी तेवढीच राहतात, पण डोळ्यांना एक रांग दिसते. आपल्या आज्या पितळी डबे आकाराप्रमाणे ओळीने मांडत, तेव्हा त्या घरातल्या प्रत्येकाच्या लक्षावरचा भार हलका करत होत्या, असं म्हणायला मला आवडेल.

दुसरा भाग अर्धवटपणाचा. १९२८ मध्ये बर्लिनमध्ये मारिया ओव्ह्स्यांकिना या संशोधिकेने लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि ती मध्येच थांबवली. कुणी सांगितलं नव्हतं, बक्षीस नव्हतं, तरी बहुतेकांनी संधी मिळताच तुटलेलं काम पुन्हा हातात घेतलं. सुरू झालेलं काम पुरं होण्यासाठी माणसाला आतून ओढतं. मग खुर्चीवरचा घडी न केलेल्या कपड्यांचा ढीग, अर्धवट उघडं खोकं, कधीतरी बघू म्हणून ठेवलेली कागदपत्रं यांच्याजवळून दिवसात कितीदा तरी जाणाऱ्या माणसाला ही ओढ किती वेळा जाणवत असेल!

इथे एक प्रामाणिक शंका येते. पसाऱ्यामुळे मन उदास होतं, की उदास माणसाच्या हातून आवरणं होत नाही म्हणून पसारा वाढतो? दुसरी गोष्ट नक्कीच खरी आहे. नैराश्यात अनेकदा आधी जाते ती उठण्याची इच्छा. अंथरूण तसंच राहतं, कपबशी तिथेच सुकते, मग ती बघून आणखी वाईट वाटतं आणि त्या वाईट वाटण्याने उठणं आणखी जड होतं. हे चक्र नेमकं कुठे तोडायचं? आपली नेहमीची समजूत अशी की मन ताळ्यावर आलं की हात चालतील. मानसोपचाराच्या एका शाखेने हा क्रमच उलटा केला, आणि त्याचा मोठा पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातून आला.

१९७०च्या दशकात अमेरिकेत पीटर ल्युइन्सन यांनी असा विचार मांडला की नैराश्यातला माणूस ज्या कृतींतून समाधान मिळतं त्या कृतींपासून तुटत जातो. त्याला विचार बदलायला सांगण्यापेक्षा त्या कृतींशी पुन्हा जोडून द्यावं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी एक धीट प्रयोग केला. नैराश्यावरच्या प्रस्थापित उपचारात दोन गोष्टी होत्या: माणसाला कृतीकडे वळवणं आणि त्याचे नकारात्मक विचार तपासून बदलणं. त्यांनी काही रुग्णांना फक्त पहिला भाग दिला. त्यांची सुधारणा पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकीच झाली. हीच पद्धत पुढे कृतिप्रेरक उपचार म्हणून वाढत गेली. इच्छा होण्याची वाट पाहायची नाही. छोटं, ठरलेलं, जमेल असं काम ठरल्या वेळी करायचं आणि मन मागून येतं का ते पाहायचं.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने हा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेला. तिथे मानसोपचारतज्ज्ञ मिळणं दुरापास्त. म्हणून मानसिक आरोग्याचं कोणतंही आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक या चाचणीत होते. निम्म्यांना केंद्रातली सुधारित नेहमीची वैद्यकीय काळजी मिळाली. उरलेल्यांना त्यासोबत या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नुसती नेहमीची काळजी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये हे आकडे छापून आले, तेव्हा जगाने गोव्यातल्या त्या साध्या खोल्यांकडे मान वळवून पाहिलं. मला यातलं सर्वांत मोठं आश्चर्य हे वाटतं की इतक्या जड दुखण्याला इतक्या साध्या पायऱ्या लागू पडाव्यात: ठरवा, करा, कसं वाटलं ते सांगा, पुढचं ठरवा.

या चाचणीत लोकांना घरं झाडायला लावली, असं मला मुळीच म्हणायचं नाही. प्रत्येकाच्या कृती त्याच्या आयुष्यातून ठरत. पण या उपचाराला कृती कशी लागते ते पाहा: छोटी, हाताशी असलेली, सुरुवात आणि शेवट स्पष्ट असलेली, आणि झाल्याचं लगेच दिसणारी. घर आवरण्याइतकी या वर्णनात बसणारी दुसरी गोष्ट शोधून सापडायची नाही. त्यासाठी पैसे लागत नाहीत, कुणाची परवानगी लागत नाही, बाहेर पडून माणसांना तोंड द्यावं लागत नाही. एक खण आवरला की तो आवरलेला असतो, आणि मन कितीही नाकारत असलं तरी डोळ्यांना ते दिसतं.

लगेच दिसण्याची ही जादू तांब्याच्या भांड्यात पाहावी. हवेतल्या ऑक्सिजनने तांब्यावर ऑक्साइडचा काळपट थर चढतो. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं. ते या थराला विरघळवून सोडवतं आणि चिमूटभर मीठ त्या कामाला वेग देतं. कोळ फिरवताक्षणी, अंगठ्याखालीच, गुलाबी धातू उघडा पडतो. दिवाळीआधी कळशी घासणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो या रसायनाचा आहे आणि त्याहून जास्त ‘हे मी केलं’ याचा आहे. आयुष्यातल्या बहुतेक मोठ्या कामांचं फळ कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. कळशीचं उत्तर मात्र त्याच क्षणी मिळतं.

हातांना मेंदूत किती मोठी जागा आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. कॅनडातले शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून शरीराचा नकाशा काढला. त्यात धड आणि पाय चिमुकले, आणि हात व चेहरा अवाढव्य. अमेरिकेतल्या केली लॅम्बर्ट यांनी याच दिशेने उंदरांवर प्रयोग केले. काही उंदरांना गोड खाऊ उकरून काढावा लागे, काहींना तो आयता मिळे. पुढे दोघांसमोर न सुटणारं कोडं ठेवलं, आत खाऊ असलेला बंद चेंडू. कष्टाने खाऊ मिळवलेले उंदीर त्या चेंडूशी जास्त वेळ, जास्त चिकाटीने झुंजत राहिले. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. तरी पंज्यांच्या कष्टांतून हिंमत साठत जावी, ही कल्पना मला मोलाची वाटते.

विदर्भात जन्मलेल्या एका माणसाने हे कोणत्याही प्रयोगशाळेआधी जगून दाखवलं. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. हा क्रम त्यांनी मोडला नाही. दिवसभर आपल्या गल्ल्या झाडणाऱ्या माणसाला लोक पाहत, काही जण हात लावत आणि मग रात्री कर्ज, दारू, शिवाशिव यांवरचे त्यांचे खडे बोल ऐकून घेत. मला वाटतं, लोकांची मनं त्या खराट्यानेच आधी ऐकायला तयार केलेली असत.

झाडण्यापुसण्याच्या हालचालीत स्वतःचाही एक गुण आहे. मार्टिन लांग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना सांगितलं, या शिल्पाबद्दल तुम्हाला थोड्या वेळाने भाषण करायचं आहे; तोवर ते पुसून ठेवा. मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र होतं. ज्यांची धडधड जास्त वाढली, त्यांचे हात जास्त वेळ, जास्त ठरावीक, पुन्हा पुन्हा तशाच लयीत फिरले. पुढे काय होणार हे ठाऊक नसतं तेव्हा निदान हाताची पुढची फेरी कशी असेल हे ठाऊक असावं, अशी शरीराची मागणी दिसते. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी काही आया सकाळपासून कपाटं का उपसतात, याचं उत्तर यात असावं. मात्र याला एक धोकादायक टोक आहे. हात धुतल्याशिवाय, फरशी पुन्हा पुसल्याशिवाय चैनच पडत नाही आणि पुसूनही पडत नाही, असं झालं तर तो मंत्रचळ हा आजार आहे. तिथे आणखी सफाईने आराम मिळत नाही, उपचाराने मिळतो.

लयीसोबत लक्षही लागतं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला दिली. त्याआधी काहींना भांडी घासताना पाण्याची ऊब, साबणाचा वास, ताटलीचा स्पर्श यांकडे मन ठेवण्याबद्दलचा उतारा वाचायला दिला. बाकीच्यांना भांडी कशी घासावीत याच्या कोरड्या सूचना. पहिल्या गटाने सांगितलेली अस्वस्थता २७ टक्क्यांनी उतरली. दुसऱ्या गटात असं काही झालं नाही. भांडी सगळ्यांची स्वच्छ झाली, मन मात्र एकाच गटाचं. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये, पण करून पाहायला मोरीपर्यंत जाणं पुरेसं आहे.

आणि वास! अंगणात सकाळी सडा पडला की जो सुगंध उठतो, तो पहिल्या पावसाचाच भाऊबंद. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. त्यातला एक घटक जिओस्मिन. मातीतले जिवाणू तो बनवतात. आपलं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे, हवेच्या लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपल्याला कळतं. थेंब सच्छिद्र मातीवर आदळला की त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि मातीचे सूक्ष्म कण हवेत फेकतात. २०१५ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. रोज पहाटे अंगणात पाणी शिंपडणाऱ्या बाईने प्रत्येक ओंजळीसोबत असे असंख्य बुडबुडे फोडले आहेत. शिवाय धूळ बसते, पाणी वाफ होताना जमिनीची उष्णता घेऊन जातं आणि मग त्या ओल्या गारव्यावर रांगोळी उमटते.

झाडण्यात, पुसण्यात, घासण्यात शरीर हलतं हा तर उघड फायदा. स्कॉटलंडच्या आरोग्य सर्वेक्षणातल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २००९ मध्ये असं दिसलं की आठवड्याला २० मिनिटांची कोणतीही हालचाल, त्यात अंगमेहनतीचं घरकामही आलं, मानसिक त्रास कमी असण्याशी जोडलेली आहे.

म्हणजे घर लख्ख असलंच पाहिजे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. लॉस एंजेलिसच्या अभ्यासात कुणी धूळ मोजली नव्हती. मोजलं होतं ते माणसाचं आपल्या घराविषयीचं बोलणं. मुलांची रंगीत खडूंची खोली तुम्हाला भरलेली, जिवंत वाटत असेल तर ती तशीच असू द्या.

आता नवऱ्यांचा राहिलेला मुद्दा. त्याच ३० जोडप्यांवरचा पुढचा अभ्यास २०११ मध्ये आला. कामावरून परतल्यावर जे जास्त वेळ घरकामात गुंतले, पुरुष असोत वा स्त्रिया, त्यांचं संध्याकाळचं कॉर्टिसॉल जास्त होतं. आणि नवरा घरकामाला जास्त वेळ देत होता तिथे बायकोचं कॉर्टिसॉल संध्याकाळी चांगलं उतरत होतं. हेच झाडणं, हेच घासणं. स्वतः ठरवून केलं, संपताना पाहिलं तर ते मनाला उभारी देतं, आणि न संपणारं एकटीच्या पदरात पडलं तर तेच झिजवतं. भारताच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं ते काम करत होत्या, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात असा हात लावणारे पुरुष शंभरांत २६ होते, आणि बायका ८१.

म्हणून हा लेख वाचून कुणी घरातल्या बाईला ‘आवरायला घे, बरं वाटेल’ असं सांगणार असेल, तर कृपा करून सांगू नका. तिचा वाटा तिने कधीच उचलला आहे. घरातल्या पुरुषांना आणि हाताशी आलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की एक काम कायमचं आपल्या नावावर घ्या. रोजचा ओटा, किंवा मोरी, किंवा कपड्यांच्या घड्या. तिला मदत म्हणून नव्हे, आपलं काम म्हणून; कुणी आठवण करून देण्याची वाट न पाहता. सुरुवात आज रात्री जेवणानंतरच्या भांड्यांपासून करा.